दारापर्यंतची खुर्ची

मी एक चाकांची खुर्ची बोलतेय. मिशिगनच्या उत्तरेला, सुपीरियर सरोवराकाठच्या एका इस्पितळातली. आम्ही बाराजणी एकदम आलो होतो, आता मी एकटीच उरलेय. माझं पुढचं उजवं चाक कुरकुरतं. माझं बोलणं कोणी ऐकावं इतकं मला काही कळतं का, याची मला खात्री नाही. पण आनिका सोर्वारीबद्दल कोणाला तरी सांगायलाच हवं.

घरी निघालेला रोगी चालता-फिरता असला, तरी त्याला मोटारीपर्यंत खुर्चीतूनच न्यायचं, असा इथला नियम आहे. हे काम कॉलेजची मुलं फुकट करतात. त्यांना डॉक्टर व्हायचं असतं. त्यासाठी कॉलेजात उत्तम गुण हवेत, प्रवेशपरीक्षा हवी आणि शिवाय अशा सेवेचे तास. तासांवर सही मिळाली की मुलं जातात. माझा रंग कोणता, हेसुद्धा बहुतेकांना सांगता येणार नाही.

आनिका दर मंगळवारी यायची. अभ्यासाची कार्डं ती माझ्या पाठीमागच्या खिशात ठेवी. मला रिकामी ढकलताना एका हाताने कार्डं उलटत पुटपुटायची. परीक्षेत एकदा ती कमी पडली होती. दुसऱ्यांदा देऊन निकालाची वाट पाहत होती. आईला फोनवर म्हणायची, "पाचशे दहा तरी हवेत गं. नाहीतर मला दुसरं येतं काय?"

शेवटचं कार्ड मुलाखतीचं होतं. 'डॉक्टर का व्हायचंय?' लिफ्टमध्ये एकटी असली की ती मोठ्याने उत्तर द्यायची, थांबायची आणि म्हणायची, "खोटं वाटतंय." एकदा म्हणाली, "कारण नऊ वर्षांची असल्यापासून सगळ्यांना तसं सांगून बसलेय." मग स्वतःशीच हसली. मला तेवढंच खरं वाटलं. पण खुर्चीच्या वाटण्याला काय अर्थ?

मार्चमधल्या एका मंगळवारी मिस्टर लुंडक्विस्ट घरी निघाले. जहाजावरचे म्हातारे आचारी, पित्ताशय काढलेलं.

"मला पाय आहेत, पोरी."

"नियम आहे, मिस्टर लुंडक्विस्ट."

"माझ्या बायकोचेही फार नियम असायचे. पण ती निदान जेवायला वाढायची."

आनिका हसत होती, तेवढ्यात तिचा फोन थरथरला. मी जागच्या जागी थांबले.

"काय झालं?"

"निकाल. चारशे चौऱ्याण्णव."

"कमी आहेत?"

"सोळांनी." माझी दांडी सोडून ती भिंतीला टेकली. म्हातारा पोटावर हात दाबून उठला.

"बस इथे."

"मला बसायला चालत नाही, ही रोग्यांसाठी..."

"पडलीस तर मला उचलता यायचं नाही. टाके आहेत. बस."

ती बसली. इतके महिने मला ढकलणाऱ्या मुलीचं वजन मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. म्हातारा हळूहळू ढकलत होता. माझं चाक कुरकुरत होतं आणि मला त्याची लाज वाटत होती.

दारापाशी त्याने विचारलं, "आता कुठे जाशील?"

"माहीत नाही."

तिने इस्पितळाचं निळं जाकीट काढून माझ्या हातावर ठेवलं आणि तशीच बर्फात चालत गेली. म्हातारा तिला हाका मारत राहिला.

त्यानंतर ती आलेली नाही. कार्डं अजून माझ्या खिशात आहेत. नवी मुलं ती काढतात, उत्तरं वाचतात, परत ठेवतात. शेवटच्या कार्डाची मागची बाजू कोरी आहे.

मी माणसांना दारापर्यंतच नेते. पुढे त्यांचं काय होतं, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही, मीही विचारलं नाही. आज विचारते. कुठे दिसली का हो ती तुम्हाला?