अकरा पट

“आकडा चुकला असेल, बाई. पुन्हा बघा.”

“तीनदा बघितला, साहेब. माशात उतरलेलं धुरातलं विष मर्यादेच्या अकरा पट आहे. रोज खाणाऱ्याला कॅन्सर होऊ शकतो.”

अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत बाईंची सव्वीस वर्षं गेली होती. बाजारातल्या धुरी दिलेल्या माशाचा नमुना तपासून त्या गप्प बसल्या नव्हत्या. मासे जिथून येत, त्या भट्टीवर स्वतः जाऊन आल्या होत्या. तिथे रंग दिलेले जुने दरवाजे आणि टायरचे तुकडे जळत होते. अहवालाच्या दुसऱ्या पानावर त्यांनी ते ठळक लिहिलं. साहेबांनी अहवाल ठेवून घेतला.

चार दिवसांनी बाई बाजारात गेल्या तर रस्त्यावर मासे विखुरलेले, वर फिनेल ओतलेलं. त्या जिच्याकडून वर्षानुवर्षं मासे घेत, ती म्हातारी मावशी रिकाम्या टोपलीपाशी बसली होती.

“धाड घालायला आलेल्यांनी तुझीच सही दाखवली गं,” मावशी म्हणाली. “आम्ही भट्टीवरून तयार माल उचलतो. तो कशावर भाजतात, आम्हाला काय ठाऊक?”

पलीकडे भट्टीचं धुराडं काळा धूर ओकत होतं.

बाई तशाच साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “भट्टीचं काय?”

“त्याच्याकडे परवाना आहे. या बायकांकडे कुठे आहे? आणि कारवाई झाली ना? पेपरात फोटोही आला.”

“म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! विष भट्टीत आणि फिनेल टोपलीत?”

त्यांनी टेबलावरची फाइल ओढली. दुसरं पान नव्हतं.

बाईंची कानशिलं तापली. पण भट्टीवर केलेल्या नोंदींची वही त्यांच्याच कपाटात होती. त्यांनी ते पान हाताने उतरवून काढलं, खाली पूर्ण नाव लिहून सही केली आणि बाजारात सगळ्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून एकीनेही भट्टीवरून माल उचलला नाही. पंधरवड्यात भट्टी थंडावली. मालकाला कुणी जाब विचारला नाही. नोटीस आली ती बाईंना, आणि बदली झाली तळघरातल्या भांडारात. रिकाम्या बाटल्या मोजायच्या.

एका दुपारी मावशी तिथे जिना उतरून आली, धापा टाकत. “आम्ही बायकांनी मिळून आमची भट्टी घातलीय. तेवढं तपासून दे.”

“मला आता यंत्राला हात लावू देत नाहीत, मावशी.”

“यंत्र कशाला? तुझे डोळे आहेत की.”

मावशीने पिशवीतून सरपणाचे चार तुकडे काढून टेबलावर मांडले.

बाईंनी बाटल्या बाजूला सारल्या, चष्मा चढवला आणि पहिला तुकडा उचलून कुठे रंग लागलाय का, ते नखाने खरवडून बघू लागल्या.