गवताचा पहिला मान

तिसऱ्या वळणावर कोणीतरी येऊन गेलं होतं.

यायातने सायकल पाइनच्या बुंध्याला टेकवली, उकिडवा बसला आणि मातीवरून तळहात फिरवला. काल संध्याकाळी फावड्याच्या पाठीने थोपटून बसवलेली माती आज गुळगुळीत झाली होती, कोणी ओलं पोतं ओढत नेल्यासारखी. वर वाटेच्या तोंडाशी बंदीची खूण म्हणून टाकलेली फांदी मात्र जिथल्या तिथे होती. म्हणजे चोराने आत शिरताना फांदी बाजूला केली होती आणि ती परत नीट आडवी ठेवली होती. यायातला चोरीपेक्षा या सभ्यपणाचा जास्त राग आला.

लेंबांगच्या वरच्या अंगाला असलेल्या चिबुलुह गावात सायकलवाल्यांचा नियम साधा होता. नवी वाट एकदा चांगली भिजून वाळेपर्यंत तिच्यावर चाक पडायचं नाही. आणि पडेल तेव्हा पहिला मान खणणाऱ्याचा. ज्याने कुदळ धरली नाही, त्याने मागे उभं राहून टाळ्या वाजवायच्या. सायकलींची जुनी वाट कोणा शहरवाल्याच्या बंगल्याच्या कुंपणात गेल्यापासून ही नवी वाट खणण्यात यायातचा अख्खा हंगाम गेला होता, आणि पहिल्या मानावर त्याने मनातल्या मनात कधीच आपलं नाव घातलं होतं.

"शेजारच्या पासिर हुनी गावची पोरं असणार," तो म्हणाला.

"टायरचा ठसा कुठेय?" इमासने विचारलं. ती यायातला कांग, म्हणजे दादा, म्हणायची, रस्त्यावर भज्यांची गाडी चालवायची आणि उतारावर भल्याभल्यांना मागे टाकायची. "की त्यांनी टायर खांद्यावर घेऊन रायडिंग केलं, कांग?"

"पुसले असतील ठसे."

"हो ना. वाट चोरली, ठसे पुसले, फांदी ठेवली. जाताना अंगण झाडून गेले नाहीत एवढंच."

मांग ओदिंग, म्हणजे ओदिंगकाका, कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकवून हसला. तो सुतार, आता काम सोडलेला, पण वाटेवरचा प्रत्येक लाकडी पूल त्याच्या हातचा. "चोराचं सोडा," तो म्हणाला. "रविवारी वाट उघडायची आणि वाटेला शेपूट नाही. एमा काय म्हणाल्या?"

यायातने नुसता हात हलवला. खरं दुखणं तेच होतं.

वाट डोंगरावरून सुरेख उतरत यायची, आणि पाइनचं रान संपतं तिथे एमा कार्सी, म्हणजे कार्सीआईंच्या, बागेच्या कडेला येऊन थांबायची. बागेत लाबूचा, म्हणजे एका भोपळ्याच्या वेलीचा, मांडव होता. हिरवी, सुरकुतलेली फळं खाली लोंबायची. मांडवापलीकडे गावचा रस्ता. मधलं अंतर एका दमात पळता येईल एवढंच, पण ते एमांचं. बाग टाळायची तर वाट ओढ्याच्या घळीत न्यावी लागली असती, आणि तिथून सायकल डोक्यावर घेऊन चढायला शहरातून कोण येणार? वनखात्याच्या साहेबानेही बजावलं होतं, वाट रस्त्याला मिळाली तर ठीक, नाहीतर बुजवून टाका.

एमांनी नाही म्हटलं नव्हतं. चिबुलुहमध्ये कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. एमा म्हणायच्या, "बघू." पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा यायातला आशा वाटली. नंतर त्या प्रत्येक वेळी बघू म्हणत गेल्या, आणि सोबत उकडलेली रताळी देत गेल्या. रताळी जितकी गोड, तितका नकार पक्का, हे गावात सगळ्यांना कळत होतं.

यायातचं पोट दुधावर चालायचं. उजाडायच्या आत मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवून तो घरोघरी फिरायचा, दूध सोसायटीत घालायचा आणि दोन प्रहरी रिकामे कॅन परत द्यायचा. पहाटे एमांचा कॅन पायरीवरच्या दगडावर भरलेला असायचा; एमा स्वतः दिसायच्या नाहीत. त्या कुठे असतात, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. दूध मिळत होतं ना!

त्या संध्याकाळी तो घरामागच्या सलाकच्या झाडाखाली गेला. सलाकचं फळ गोड, पण फांदीला सुईसारखे लांब काटे. त्याने चार-पाच फांद्या तोडल्या, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने त्यांची मोळी बांधली आणि तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी आडवी टाकली. पासिर हुनीच्या पोरांचं बूड सोललं जाणार या कल्पनेने त्याला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी तो रिकामा कॅन घेऊन गेला तेव्हा एमा अंगणात बसल्या होत्या. पुढ्यात गवताचा मोठा भारा सोडलेला होता आणि त्या एकेक पात बाजूला करून त्यातलं काहीतरी वेचून नारळाच्या करवंटीत टाकत होत्या. गोठ्यात गाय रिकाम्या गव्हाणीकडे पाहून हंबरत होती.

"उद्या पहाटे दूध कमी मिळेल," एमा मान वर न करता म्हणाल्या. "गाय उपाशी आहे."

यायातने करवंटीत डोकावलं. सलाकचे काटे.

त्याच्या डोळ्यांसमोरून सगळं भराभर सरकलं: टायरचा ठसा नाही, ओलं पोतं ओढल्यासारखी माती, आणि ती नीट परत ठेवलेली फांदी. एमांशिवाय गावात इतकी नीटनेटकी चोरी कोण करणार? गप्प बसलं तर निभावेल, आणि बोललं तर बाग गेलीच, हे त्याला स्वच्छ कळत होतं. तरी तोंडून निघून गेलं, "एमा, ते काटे मी टाकले."

"माहीत आहे."

"कसं काय?"

एमांनी ट्यूबची काळी पट्टी उचलून दाखवली, मग बोट त्याच्या हातातल्या कॅनकडे केलं. कॅनचं झाकण तशाच पट्टीने, तशाच गाठीने बांधलेलं होतं.

"उभा काय राहिलास? बस आणि वेच."

तो बसला. बराच वेळ दोघं काटे वेचत राहिली. एक बोटात घुसला तेव्हा तो कळवळला, आणि एमा पहिल्यांदा हसल्या. "छान लागला. पासिर हुनीच्या पोरांसाठी होता ना? इमास सांगत होती."

"एमा, तुम्ही गवत आमच्या वाटेने आणता?"

"मी कुठे आणते? ते आपलं आपण येतं. वर कापायचं, पोत्यात कोंबायचं, तोंड बांधायचं आणि सोडायचं. या गुडघ्यांनी जुनी पायवाट उतरायची म्हणजे देव आठवतो. तुझी वाट बघितली आणि म्हटलं, हा मुलगा इतक्या मेहनतीने माझ्या गवतासाठी घसरगुंडी करतोय!"

"पण फांदी होती ना तिथे, बंद म्हणून?"

"ती सायकलींना. गवताला कोण बंदी करतं?" एमांनी करवंटी बाजूला ठेवली. आवाज जरा खाली आला. "सायकली सुरू झाल्या की शहरातली माणसं येणार. मग गवतासाठी खालीवर करणारी म्हातारी त्यांना मधे आलेली चालेल? माझ्या बागेतून रस्ता मागायला सगळे आलात. माझं गवत कुठून येईल ते एकाने तरी विचारलं?"

इतके दिवस रताळी खाऊन यायातने विचारलं होतं ते फक्त बागेबद्दल.

"उद्या दाखवाल मला?" तो म्हणाला. "गवत कसं येतं ते?"

दुसऱ्या दिवशी दूधफेरी धाकट्या भावाच्या गळ्यात मारून तो डोंगरावर गेला. एमांनी गवताने टम्म फुगलेलं पोतं वाटेवर आडवं ठेवलं, पायाने ढकललं, आणि पोतं निघालं. पहिल्या वळणावर ते बांधाला अंग घासून झोकात वळलं. दुसऱ्या वळणावर वेग आला. यायात मागे धावत सुटला. त्याला शिट्टी मारायचा मोह झाला. तिसऱ्या वळणावर मात्र पोतं बांधावर चढलं, हवेत गेलं आणि सरळ घाणेरीच्या झुडपात जाऊन पडलं.

"इथे रोज असंच," एमा मागून येत म्हणाल्या. "वर चढतं आणि पळतं. मग मी ओढून आणते. काल ते तुझ्या काट्यांत अडकलं, म्हणून झुडपातून तरी वाचलं."

यायात बांधापाशी वाकला. हे वळण त्याने स्वतःच्या मापाने बांधलं होतं, ब्रेक कुठे दाबायचा ते ठाऊक असलेल्या माणसाच्या मापाने. पोत्याला ब्रेक नव्हता. नवख्यालाही तो वेळेवर सुचला नसता. रविवारी पाहुण्यांपैकी अर्धे याच झुडपात गेले असते.

संध्याकाळी सगळे कुदळी घेऊन आले. बांध उंच केला, आतल्या बाजूला कलता केला. मांग ओदिंगने पायथ्याशी लाकडाचे ओंडके रचले. एमा कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि कामापेक्षा जास्त बोलत होत्या.

"अहो सुतार, तिकडे पोकळ राहिलंय."

"कुठे पोकळ? घट्ट आहे ते."

"तुमच्या डोक्याइतकंच घट्ट आहे," म्हणत एमा सारोंग वर खोचून बांधावर चढल्या आणि अनवाणी पायांनी माती तुडवायला लागल्या. इमासने ताल धरला. बघता बघता चौघंही ओळीने नाचल्यासारखे बांध तुडवत होते.

शेवटी चिखलाने माखलेले पाय पुसत एमांनी विचारलं, "तुमचा तो नियम काय आहे? पहिला मान कोणाचा?"

"खणणाऱ्याचा," इमास म्हणाली, आणि यायातकडे बघून तिने जीभ चावली.

"मग झालं तर. मीही माती तुडवली. रविवारी आधी माझं गवत."

सगळा हंगाम यायात त्या पहिल्या उतारासाठी जगला होता. पण त्याला ती करवंटी आठवली. "रविवारीच नाही, एमा," तो म्हणाला. "रोज. सकाळी आधी गवत. तुम्ही रस्त्यावरच्या चौकीत केंतोंगान वाजवलंत की मगच सायकली सुटतील." केंतोंगान म्हणजे पहारेकऱ्यांचा पोकळ बांबू, आग लागली, चोर आला की गाव तोच बडवायचं. "तो वाजल्याशिवाय कोणी वाटेवर चाक ठेवलं, तर सलाकची झाडं माझ्याकडे भरपूर आहेत."

"आणि बाग, एमा?" मांग ओदिंगने हळूच विचारलं.

"बघू," एमा म्हणाल्या.

शनिवारी सरीवर सरी आल्या, रात्री आभाळ मोकळं झालं, आणि रविवारी ऊन चढेस्तोवर वाट वाळून घट्ट बसली. वर मोठी गर्दी जमली. पासिर हुनीची पोरंसुद्धा आली. यायातने त्यांना न मागता चहा दिला, आणि ती संशयाने एकमेकांकडे बघत चहा प्यायली. इमासने खाली आपल्या गाडीपाशी केळीची पानं पसरून भात, तळलेली सुकी मासळी आणि सांबालची तिखट चटणी यांची तयारी मांडून ठेवली होती. उतरून आल्यावर सगळे एका पंगतीत जेवणार होते. उतरून कुठे येणार, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. एमा खाली बागेच्या कडेला होत्या. पोतं तेवढं वर पाठवलं होतं, तोंडाला लाल फडकं बांधून.

"कांग, सोड," इमास म्हणाली.

यायातने पोत्याला पाय लावला. पोतं निघालं. पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्याला ते नव्या बांधावर सर्रकन चढलं, क्षणभर कडेवर रेंगाळलं, आणि आज्ञाधारकपणे खाली वळलं. वर एकच आरोळी उठली. मग ते झाडीत दिसेनासं झालं.

यायात हेल्मेटचा पट्टा घट्ट करत ऐकत राहिला. पोतं बागेच्या कडेला थांबलं, तर एमांना दाट मांडवाला मोठा वळसा घालून चौकीपर्यंत जावं लागणार होतं. त्यांच्या गुडघ्यांनी त्या पोचेपर्यंत इथे चहा उकळून, पिऊन, भांडी विसळून झाली असती.

त्याने पट्टा पुरता लावलाही नव्हता, तोच खालून केंतोंगान वाजला. टोक, टोक, टोक. दमदार, रस्त्यावरून.

"एवढ्यात?" मांग ओदिंग म्हणाला. "म्हणजे पोतं सरळ—"

यायातने पुढचं ऐकलं नाही. सायकल सुटली होती. वारा कानात शिरला, पहिलं वळण अंगाखालून गेलं, दुसऱ्यावर चाक हलकं झालं, तिसऱ्यावर बांधाने त्याला मऊ हाताने धरून वळवलं, आणि तो मोठ्याने हसायला लागला, एकटाच, भर रानात. पूल खडखडले. पाइन विरळ झाले. बागेची कड आली आणि बोटं सवयीने ब्रेकवर गेली.

मांडवाचे मधले दोन खांब हलवलेले होते. वेलीला बाक देऊन कमान केली होती, आणि दोन्ही बाजूंना लाबू लोंबत होते. कमान एमांच्या उंचीची होती.

यायात वाकला, पण पुरेसा नाही. एक लठ्ठ लाबू हेल्मेटवर टणकन आदळला आणि त्याच्यासोबत रस्त्यावर येऊन पडला, थेट लाल फडक्याच्या पोत्याशेजारी. एमा हातात दांडा घेऊन चौकीत उभ्या होत्या.

"एमा, खांब!" तो धापा टाकत म्हणाला. "म्हणजे हो ना?"

एमांनी खाली वाकून लाबू उचलला, माती झटकली आणि त्याच्या हातात दिला.

"इमासला दे, जेवणात घालेल," त्या म्हणाल्या. "आणि पोतं उचल आधी. मागचे येतायत."