टीर देवाचा उजवा हात

टिटवाळ्याच्या त्या नव्या बिल्डिंगीत तानाजीला कुणी फारसं ओळखत नव्हतं, आणि जे ओळखत होते ते "तो हात गेलेला" एवढंच. माणूस तसा सरळ. डोंबिवलीच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करायचा. एक दिवस मागून कुणीतरी ओरडलं, "घाल हात, मशीन बंद आहे," आणि ह्यानं विश्वासानं घातला. मशीन बंद नव्हती. उजवा हात मनगटापासून गेला तो गेलाच.

पोटापाण्याचं काही अडलं नाही, खोटं कशाला बोला. कारखान्याच्याच गेटवर बसायचं काम मिळालं. डाव्या हातानं सही शिकला, शर्टाची बटणं शिकला. अडलं ते देवापाशी. आपल्याकडे देवाचं सगळं उजव्या हातानं. देवळात प्रसादाला डावा हात पुढे केला की पुजारी सवयीनं म्हणायचा, "उजवा हात, उजवा." मग त्याचं लक्ष जायचं, बिचारा ओशाळायचा, आणि मागची एखादी बाई च्च् च्च् करायची. असं दोन-तीनदा झाल्यावर तानाजीनं प्रसादाच्या रांगेत उभं राहणंच सोडलं. घरचे देव मालन बघायची, त्याची बायको. ती गेली आणि तिच्यामागं देव पारोसे राहिले. डाव्या हातानं देवाला अंघोळ घातलेली चालते का? कुणाला विचारायची लाज वाटायची.

मुलगी संचिता बंगळुरूला, कॉम्प्युटर गेमची चित्रं काढते. तिनं मध्यंतरी कुरिअरनं एक मूर्ती पाठवली. वीतभर उंच, काळपट, दाढीवाला गडी, खांद्यावर कातडं, डाव्या हातात तलवार, आणि उजवा हात मनगटापाशी संपलेला.

"बाबा, हा टीर. नॉर्वे-बिर्वेकडचा जुना देव आहे," ती फोनवर म्हणाली. "टीव्हीशेजारी ठेवा, शोपीस म्हणून."

"ह्याच्या हाताला काय झालं?"

मग तिनं सांगितलं. एक भलामोठा लांडगा होता, देवांना त्याला बांधायचं होतं. लांडगा म्हणाला, फसवणार नाही कशावरून? कुणीतरी माझ्या जबड्यात हात ठेवा. सगळे देव गप्प. हा एकटा पुढे झाला. लांडगा पक्का बांधला गेला, त्यानं ह्याचा हात तोडला आणि सगळे देव हसले. हा सोडून.

"हसले?"

"हो ना. गोष्टीत तसंच आहे."

तानाजीनं मूर्ती हातात फिरवून बघितली. म्हणाला, "जेवायचा कसा गं मग हा?"

"काय बाबा तुम्ही पण! डाव्या हातानंच जेवत असेल."

झालं. शोपीस गेला कुठल्या कुठं, तानाजीनं त्याला उचलून थेट देवघरात नेला आणि बाळकृष्णाशेजारी उभा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताम्हणात घेऊन डाव्या हातानं गडू वाकवला. "चालतंय ना?" असंही विचारलं. न चालायला काय झालं? त्याला अंघोळ घालता घालता मग बाळकृष्णालाही घातली, अन्नपूर्णेलाही घातली. आधी घंटा वाजवायची, ती खाली ठेवायची, मग निरांजन ओवाळायचं. दोन्ही एकदम जमायचं नाही. शेवटी चिमूटभर साखर. "आज भाजी खारट झालीय बघ," असलं काहीबाही तो टीरला सांगायला लागला. वेडेपणा म्हणा हवं तर. रिकाम्या घरात राहून बघा आणि मग म्हणा.

श्रावणात रंभा आली. ही त्याची धाकटी बहीण, खडवलीला दिलेली. भावावर भारी जीव, पण धीर म्हणून नाही. तानाजी ड्युटीवर गेलेला. तिच्याकडे किल्ली असतेच. तिनं डबे घासले, जाळ्या काढल्या, देवघर पुसायला घेतलं. संध्याकाळी तानाजी येतो तर घर लख्ख, रंभा गेलेली, आणि बाळकृष्णाशेजारची जागा मोकळी.

त्यानं फोन लावला. "रंभे, माझा देव कुठाय?"

"तो मोडका? अरे दादा, हात तुटलेली मूर्ती घरात ठेवतात का कुणी? तू नको काळजी करू. त्याचं काय करायचं ते मी करते."

मोडक्या मूर्तीचं काय करतात हे तानाजीला माहीत नव्हतं थोडंच! पाण्यात सोडतात. खडवलीला नदी हाकेच्या अंतरावर. तो मोडका नाहीये गं, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण ते न म्हणताच त्यानं फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवसापासून देव पुन्हा पारोसे. ज्याच्या भरवशावर बाकीच्या देवांपुढे डावा हात न्यायची हिंमत झाली होती, तोच गेला होता. सकाळी चहाचा कप घेऊन तो देवघराकडे पाठ करून बसायचा. मालन गेली तेव्हा झालं होतं तसं घर झालं.

राखीपौर्णिमेला रंभा आली ती हसतच. पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. दाढी दिसली आणि तानाजीच्या जिवात जीव आला. मग रुमाल पूर्ण सुटला.

देवाला उजवा हात होता. कल्याणच्या कुंभारवाड्यातल्या एका गणपतीवाल्याकडून रंभानं तो बसवून घेतला होता. गणपतीचा मोदक धरायचा असतो तसा हात. गुबगुबीत, गुलाबी, तळवा वर केलेला, बोटात सोनेरी अंगठी रंगवलेली. त्या रांगड्या, उग्र गड्याच्या अंगाला तो असा काही दिसत होता की दुसरं कुणी असतं तर पोट धरून हसलं असतं.

"तो ऐकतच नव्हता रे, गणपतीची एवढी घाई त्याला. दोनदा गेले, मागंच लागले. आता जन्मात निघायचा नाही म्हणाला," रंभा सांगत होती, आणि सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. "तुझा नाही रे आणता आला दादा. म्हटलं, ह्याचा तरी आणावा."

"छान झालाय," तानाजी म्हणाला.

"आणि तो रबरी हात आहे ना तुझा? घाल ना आज. एकदा उजव्या हातावर राखी बांधते."

हात गेल्यापासून दरवर्षी ती डाव्या मनगटावर राखी बांधायची आणि पदरानं डोळे पुसायची. तानाजीनं कपाटातून रबरी हात काढला. मालन लग्नकार्यात घालायला लावायची तेवढाच. एरवी त्यानं त्याला कधी हात लावला नव्हता. पट्टे दातांनी ओढून बसवला. रंभानं ओवाळलं, राखी बांधली, एक छोटी राखी देवाच्या गुलाबी मनगटावरही बांधली आणि मागं सरून दोघांकडे बघत राहिली.

"कसे शोभताय रे दोघं!"

इतकी खूश ती त्याला कित्येक वर्षांत दिसली नव्हती. तो हसला. नारळीभात खाताना चमचा डाव्या हातात होता, पण रबरी हात तिच्यासाठी ताटाशेजारी ठेवून दिला होता.

दुपारच्या गाडीनं ती गेली. तानाजीनं दार लावलं, पट्टे सोडले, राखीसकट हात कपाटात ठेवला. मग पक्कड घेऊन देवघरापुढे बसला. एक पीळ दिला की काम झालं असतं. टीरनं आपला हात स्वतःहून दिला होता, तो असा परत यायला नको होता. पण पकडीच्या तोंडात आधी राखीचा दोरा आला, आणि तानाजीला पुढं काही करवेना.

त्यानं पक्कड बाजूला ठेवली. बराच वेळ तो देवाकडे बघत राहिला. उजवा हात नीट पुढे, तळवा वर. प्रसादाच्या रांगेत उभं राहावं तसा.

डाव्या हातानं त्यानं चिमूटभर साखर घेतली आणि त्या गुलाबी तळव्यावर ठेवली.

"घे," तो म्हणाला. "तुला आता कुणी काही म्हणणार नाही."