मेलेल्यांचे सैन्य कुठे उठवावे

मेलेल्यांचे सैन्य कुठून उठवायचे हा निर्णय जानकी घाडीने दोन वर्षे पुढे ढकलला होता, आणि आता रविवार चार दिवसांवर आला होता.

कणकवलीच्या एसटी डेपोमागे तिची खोली होती. दर रविवारी दुपारी तीनला तिथे तीन माणसे जमत, टेबलावर नकाशा पसरला जाई, आणि सहा वाजेपर्यंत ती तिघे जानकी सांगेल त्या जगात राहत. सूत्रधार म्हणून तिने सांगायचे. प्रत्येकाने आपल्या पात्राने काय केले ते बोलायचे. नशिबाचा प्रश्न आला की वीस पैलूंचा फासा टाकायचा. अकरापासून वर पडले तर साधले, खाली पडले तर फसले. खेळाडू आपापले फासे सर्वांसमोर टाकत. मात्र देवाला काही विचारले तर त्याचे उत्तर सूत्रधाराने पुठ्ठ्याच्या आडपडद्यामागे टाकायचे आणि तिने सांगितलेला आकडा सर्वांनी मानायचा, असा नियम होता. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या बेचाळीस वर्षांच्या बाईने असले काही खेळावे याबद्दल स्टाफरूममध्ये काय बोलले जाते ते जानकीला ठाऊक होते. त्याहून गंभीर असे काही त्या खोलीत बोलले गेल्याचे तिला आठवत नव्हते.

नकाशा देवगडच्या किनाऱ्याचा होता, आरशात धरल्यासारखा उलटा. सैन्य उठणार हे तिने पहिल्याच रविवारी जाहीर करून टाकले होते. कुठून, ते राहिले होते. बुधवारी रात्रीचे जेवण निवू देत ती नकाशावर वाकली. समुद्रातला किल्ला तिने आधी बाद केला: किल्ल्यात मेलेली माणसे बहुधा पगारी असतात, आणि पगारी माणूस मेल्यावर कामावर परत येत नाही. जुनी रणभूमी म्हणजे कल्पनाशक्ती रजेवर गेल्याची कबुली. राजांच्या समाध्या उघडाव्यात, तर राजांमागून त्यांचे चरित्रकारही उठून येण्याचे भय. आणि समुद्र? किनाऱ्यावरच्या माणसांशी खेळताना बुडालेल्यांना हात लावायचा नसतो, एवढे तारतम्य तिच्यापाशी होते.

राहिली केवणी.

केवणी हे नकाशावरचे त्रेचाळीस घरांचे गाव विनीतने वसवले होते. विनीत परबचे नांदगावच्या तिठ्यावर औषधांचे दुकान होते. खेळात तो केवणीचा गावकार, म्हणजे गावचा प्रमुख होता. बाकीचे दोघे लढाया जिंकत असताना तो विहिरी खणत असे, वाटा बांधत असे, घरांना क्रमांक आणि माणसांना नावे देत असे. सैन्य केवणीत उठले तर केवणी उरणार नव्हती. हे जानकीला पक्के कळत होते, आणि कळत होते म्हणूनच पेन्सिलीचे टोक तिथून हलत नव्हते.

कारण विनीतने तिचे गाव मोडले होते, खरे गाव.

दोघेही मोंडवळेचे. मोंडवळेत दर तीन वर्षांनी देवाचा कौल घेऊन गावपळण होते. माणसे, गुरे, कुत्री, कोंबड्या, सगळा गाव शिवेबाहेर पडतो आणि तीन दिवस, तीन रात्री ओढ्यापलीकडे झापांच्या खोपींत राहतो. तेवढा काळ गाव ज्यांचा आधी होता त्यांना परत दिलेला असतो. चौथ्या दिवशी देवाला विचारायचे. तो हो म्हणाला तर घरी. जानकीने यावर चारशे पानांचा प्रबंध लिहिला होता. तो विद्यापीठाच्या कपाटात सुखरूप होता, म्हणजे कुणीही वाचलेला नव्हता. आणि यंदा गाव समितीने, विनीत ज्या समितीचा सेक्रेटरी होता तिने, ठराव केला की गावपळण 'प्रतीकात्मक' करावी: सकाळी दहा ते दुपारी चार, ओढ्यापलीकडे मंडप, पाहुण्यांचा सत्कार, डबे. मुंबईकरांना रजा मिळत नाही. मुलांच्या परीक्षा असतात. विनीतची आई दोन वर्षे अंथरुणाला खिळलेली आहे. शेवटचे कारण त्याने खालच्या आवाजात सांगितले होते, आणि जानकीने ते इतर कारणांच्या रांगेतच ठेवले होते.

हेही एक वेळ तिने सोसले असते. पण कौल घ्यावाच लागतो, आणि तो तिने डोळ्यांनी पाहिला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावपळण एका दुपारची चालेल का, असे गाऱ्हाणे घातले तिच्या वडिलांनी, धोंडू घाडींनी, कारण तो मान घाडी घराण्याचा. डावी पडली. पाकळ्या पुन्हा लावल्या. डावी पडली. तिसऱ्यांदा लावल्या आणि उजवी पडली. लगेच नारळ फुटला. देवाला तिसऱ्यांदा विचारता येते असे तिच्या चारशे पानांत कुठेही नव्हते.

"असा किती वेळा विचारतंत रे देवाक?" तिने देवळाच्या पायरीवर विनीतला गाठून विचारले होते.

"देवाचा मन तयार होवक वेळ लागता, जानकी," तो म्हणाला होता, आणि हसला होता.

त्या हसण्याला महिना झाला. गावपळण पंधरा दिवसांवर आली होती. वडिलांशी ती फोनवर हवापाण्यापुरते बोलत होती. विनीत दर रविवारी येत होता, भजी आणत होता, केवणीतल्या वाटा बांधत होता. तिने पेन्सिलीने केवणीवर बारीक फुली मारली आणि थंड भात जेवली.

रविवारी तिघे वेळेवर आले. सलोनी एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची आणि खेळात तिरंदाज होती. भूमापन खात्यातला ओंकार खेळात भाडोत्री तलवारबाज होता आणि दोन्हीकडे सारखाच कुरकुरायचा. जानकीने पडदा उभा केला आणि खेळाच्या प्रमाण मराठीत सुरुवात केली.

"केवणीच्या विहिरींतले पाणी पहाटे नाहीसे होते. मग घराघरांतली जमीन उकलते. ते मसणवटीतून येत नाहीत. ज्या घरात जे राहून गेले, त्या घरात ते उठतात. चुलीपाशी, माजघरात, उंबऱ्याशी. अकराशे आहेत. त्यांच्या हातात कोयते, पहारी, मुसळे आहेत. ते अजून कुणाला मारत नाहीत. ते तुमच्याकडे बघत आहेत."

"अकराशे," ओंकार म्हणाला. "आणि आमी तीन. माजी तलवार गेल्या रविवारी मोडली हा, ह्या कोणाक आठवता काय?"

"तू तिच्यान नारळ सोलूक गेल्लंस," सलोनी म्हणाली. "जानकीताई, अंतर किती? माज्याकडे वीसच बाण आसत."

जानकी विनीतकडे पाहत होती. तो नकाशातल्या केवणीकडे पाहत होता. त्याच्या बोटाखाली सतरा नंबरचे घर होते. तो लढेल, हे तिने धरले होते. तीन फेऱ्यांत गावाची वेस पडेल, पाचव्या फेरीत देऊळ. तिने तसे लिहूनही आणले होते, जाळपोळीच्या वर्णनासकट, आणि ते वर्णन चांगले उतरले होते.

"हत्यारां खाली ठेवा," विनीत म्हणाला. "गाव रिकामो करुया."

"काय?" ओंकारने विचारले.

"ते मारूक येवक नाय. घराक इलेत. तेंच्या घराक." त्याने खुर्ची मागे सरकवली आणि उभा राहिला. खेळात कुणी उभे राहत नसे. "बा म्हाराजा, गाव तुजो, जागो तुजो, आमी तुजी लेकरां."

"व्हय म्हाराजा," सलोनी आणि ओंकार म्हणाले. त्यांना कुणी सांगितले नव्हते.

"आज आमी शिवेभायर जातंव. मागे ऱ्हवलेला ढोर-वासरू, पान-फूल सांभाळ. जे आमच्या आदी हंय ऱ्हवले, तेंचो वाटो तेंका गावांदे."

"व्हय म्हाराजा."

समितीने छापलेल्या पत्रिकेत गाऱ्हाण्याचा मजकूर होता आणि त्यातून नेमके शेवटचे वाक्य गाळलेले होते. अज्ञान, असे जानकीने महिनाभर गृहीत धरले होते. याला तर ते पाठ होते. अज्ञानाला निदान क्षमा असते, तिच्या मनात आले, आणि तिचा राग निवला नाही, थंडगार आणि धारदार झाला.

विनीतने गाव बाहेर काढायला सुरुवात केली. घर एक: बाबू आणि त्याची दोन गुरे. घर चार: मथुरा; कोंबड्या झाकणीच्या टोपलीत, नाहीतर वाटेत ओरडतील. तो एकही घर विसरला नाही. सतरावर आला तेव्हा थांबला.

"सत्यवती उठणा नाय. तिका खाटेर घाला. चौगे जण. उतारार पुढचे दोगे उंच होये, नायतर ती सरकतली."

"ही खंयची सत्यवती?" ओंकारने विचारले. "ही पुर्वी कदी इल्ली?"

"आसा ती. दोन वर्सां आसा."

जानकीने जुन्या नोंदी चाळल्या. होती. घर सतरा, म्हातारी, अंथरुणावर. नोंद विनीतने दिली होती, त्याच्या आईला अर्धांगवायू झाला त्याच महिन्यातली. त्यानंतर दर रविवारी या टेबलावर त्या बाईला पाणी, पेज, कूस पालटणे मिळत आले होते, आणि सूत्रधाराने ते गावकाराचे बारीकसारीक उद्योग म्हणून मान हलवून मंजूर केले होते.

"गाव ओढ्यापलीकडे आहे," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला. "एक दिवस, एक रात्र गेली. अकराशे जण केवणीत फिरत आहेत. चुली पेटलेल्या दिसतात."

विनीतने दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. "देवाक इचारतंय. एक दिवस पुरो झालो काय? परत जावचा काय?"

ती याच प्रश्नाची वाट पाहत होती, हे तिला आता कळले. तिने पडद्यामागे फासा टाकला. तो दोनदा उडाला, पेन्सिलीला लागला आणि थांबला. सतरा.

सतरा म्हणजे होकार. सतरा म्हणजे मेलेले तृप्त होऊन निघाले, एक दिवस पुरला, म्हातारीची खाट संध्याकाळच्या आत घरी. तिघे पडद्याच्या पलीकडे होते आणि आकडा फक्त तिचा होता. देवळात कौल फिरवणाऱ्यांविषयी तिने महिनाभर मनात जे निबंध रचले होते त्यांतले एकही वाक्य या क्षणी जागेवर सापडेना.

"चार," ती म्हणाली.

"चार म्हणजे नाय," सलोनी म्हणाली.

आता तो म्हणेल: परत टाक. त्यासाठीचे उत्तर तिने महिनाभर परजले होते. इथे फासा एकदाच टाकतात, विनीत; तुझे देऊळ वेगळे. ते उत्तर तिच्या जिभेच्या टोकाशी येऊन उभे राहिले. विनीतने पडद्याकडे पाहिले, मान खाली घातली, आणि ती दोनदा हलवली.

"बरा," तो म्हणाला. "दुसरी रात. सत्यवतीची खाट खोपीच्या आतल्या अंगाक घेवा, वारो लागता."

"उद्या परत विचारशीत?" ओंकारने विचारले.

"कित्या? नाय म्हटल्यान ना एकदा. तीन पुरे करुया." मग जरा वेळाने, टेबलालाच सांगितल्यासारखे: "आमी थंय तीनदा इचारला. दुसऱ्या खेपेकच माका कळला होता. मगे खाटेरची आवस डोळ्यांसमोर इली आणि तोंड गप ठेवलंय."

डेपोत कुठली तरी गाडी बराच वेळ सुरू होत नव्हती.

विनीतने खिशातून फोन काढला आणि टेबलापाशीच लावला. "काकानु, विनीत बोलतंय. गावपळणीचो कौल परत लावया. तीन दिसांचो. होय. समितीक मी सांगतंय, शिव्ये देतले तर देवंदेत." तो पलीकडचे ऐकत राहिला. "तिका नेतलंय. खाटेर. चौगे गावतले." मग त्याने फोन जानकीपुढे धरला. "तुका बोलायतत."

जे तिला हवे होते ते सगळे त्या फोनमध्ये होते: तीन दिवस, तीन रात्री, गाळलेले वाक्य, चारशे पाने. आणि ते एका खोट्या आकड्याने मिळवलेले होते. एवढ्यासाठी अर्धांगवायू झालेली एक बाई चौघांच्या खांद्यावर ओढा ओलांडणार होती. सतरा म्हणायला तिला एक श्वास पुरला असता. तिने तो फोनवर बोलण्यासाठी वापरला.

"बोला बाबा."

"काय केलंस गो तू तेका?" धोंडू घाडींनी विचारले. "परवापर्यंत मंडपाचे बांबू मोजी होतो."

"काय नाय. खेळत होतंव."

वडील खोकले. "लावतंय कौल," ते म्हणाले. "पण ह्या खेपेक मी एकदाच इचारतलंय. जी पाकळी पडात ती पडात. मगे एका दुपारचा इला तरी कोणी बोलूचा नाय. तूपण."

"होय."

फोन बंद झाला. विनीतने तो खिशात टाकला, भज्यांची पुडी सोडून सलोनीपुढे सरकवली, आणि त्याचा चेहरा गेल्या महिन्यात कधी नव्हता इतका हलका दिसला. "सुरू कर, जानकी. दुसरी रात."

तिने पडद्यामागचा फासा उपडा केला आणि त्यावर हात ठेवून बोलू लागली. ओढ्यापलीकडे अंधार पडतो, ती म्हणाली. खोपींतून पेजेचा वास येतो. गुरे बसली आहेत. सत्यवतीच्या खाटेपाशी ती थांबली. वारा कुठल्या दिशेने येतो हे सूत्रधाराने ठरवायचे असते. तिघे वाट पाहत होते, आणि तिला ते ठरवता येईना.