फाटकावरच्या टपालपेटीची धास्ती

मित्रांनो, मी एक जुनी टपालपेटी आहे. जयपूरच्या तिलक नगरात, बँकेत नोकरी करणाऱ्या गजाननरावांच्या फाटकावर मी टांगलेली असते. नवी होते तेव्हा माझा लाल रंग बघून पोस्टमनसुद्धा खूश व्हायचा. आता गंजाने माझं झाकण करकरतं, आणि पाकिटावर अमेरिकेचं तिकीट दिसलं की मला धडकी भरते.

त्याचं कारण ऐका. गजाननरावांचा मुलगा ध्रुव अमेरिकेत जन्मला, म्हणून तो तिथला नागरिक. त्याला अठरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा तिथल्या आत्याने एक फॉर्म पाठवला. लष्करासाठी नाव नोंदवणं तिथल्या नागरिक मुलांना, ती परदेशात राहत असली तरी, सक्तीचं असतं. ते टाळलं तर पुढे सरकारी नोकरीचं दार बंद होऊ शकतं.

त्याच्या आईने, सुवर्णाताईंनी, तो फाटकातच वाचला. त्यांचा थोरला भाऊ पलटणीतून परतला नव्हता. मृत्यूची बातमी आणणारं पत्र बाहेरच फाडायचं, घरात न्यायचं नाही, अशी त्यांच्या माहेरची रीत. त्यांनी फॉर्मचे तुकडे केले.

“आई, मतलब नुसतं नाव लिहायचं असतं. आता कोणाला नेत नाहीत.”

“आज नाव, उद्या माणूस! माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.”

ध्रुवने पुन्हा फॉर्म मागवला नाही. पुढे टीव्हीवर इराकचं युद्ध दिसू लागलं, मग तर तो विषयच निघेना. सव्विसावा वाढदिवस आला आणि नोंदणीची मुदत संपली. घरात श्रीखंड-पुरी झाली.

ध्रुवला लहानपणापासून वादळांचा अभ्यास करायचा होता. अमेरिकेतल्या सरकारी हवामान कचेरीने त्याला नोकरीसाठी निवडलं, पण त्याची नोंदणी सापडेना. फाटकात उभा राहून तो म्हणाला, “बाबा, ते कचेरीवाले पत्र पाठवणार आहेत. नाव का दिलं नाही ते त्या पत्राच्या उत्तरात वेळेत कळवलं, तर अजून मार्ग आहे. आईला नका सांगू, उगाच स्वतःला दोष देईल.”

ते पत्र आलं.

“भाभीजी, अमेरिका से चिट्ठी!” पोस्टमनने हाक मारून ते माझ्यात टाकलं. झाकण गच्च धरून ठेवावं असं फार वाटलं, पण पत्र्याच्या अंगात ते बळ कुठलं? सुवर्णाताईंनी तिकीट ओळखलं. या वेळी त्यांनी वाचलंही नाही. तुकडे नालीत टाकले, हात धुतले आणि त्या शांतपणे आत गेल्या.

मित्रांनो, मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. भीती वाटली तरी आलेलं पत्र वाचा, आणि घरच्या माणसांशी बोला.

ध्रुव रोज संध्याकाळी माझ्यात हात घालतो.

“आलं का रे?” बाबा विचारतात.

तो नकारार्थी मान हलवतो. तुळशीपाशी उभ्या असलेल्या सुवर्णाताई ते बघतात आणि पलटणीचं बोलावणं टळलं म्हणून देवाचे आभार मानतात.