चौथ्या भोकाचे आटे

सायकलला इंजिन बसवायचं खूळ कृष्णकांतच्या डोक्यात हौसेनं शिरलं नव्हतं. तो मूळचा पुण्याचा, मीठ खात्यातला हंगामी कारकून, आणि नेमणूक मद्रासच्या उत्तरेला, एन्नोरच्या एका मिठागरावर. तिथला हजेरीपट सकाळी सातला मिटायचा. मद्रासहून पहिली गाडी धरून सायकलसकट एन्नोरला उतरलं तरी पुढे तीन मैल उघडा रस्ता उरायचा, आणि लहानपणच्या तापानं त्याचा डावा पाय पार वाळवून टाकला होता. सायकल मारत निघालं तर अर्ध्या वाटेत पाय संप पुकारी. तीन महिन्यांत अकरा वेळा उशीर झाला, तेव्हा साहेबांनी आवाजही न चढवता सांगितलं, की येत्या सोमवारी सातच्या आत सही दिसली नाही तर मंगळवारी त्या खुर्चीवर दुसरा माणूस दिसेल.

म्हणून मूर मार्केटातून लढाईच्या काळातलं एक लहानसं इंजिन घरी आलं. कधी काळी कुठल्याशा पंपावर बसवलेलं होतं म्हणे. चालत होतं झकास, पण बुडाचे पाय मोडलेले. आता त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगला चार नवी भोकं पाडायची, भोकांत आटे पाडायचे आणि चार बोल्टांवर ते सायकलच्या दांड्याला जखडायचं, एवढंच काम होतं. एवढंच म्हणायला कृष्णकांतचं काय जात होतं. त्यानं जन्मात पाटाचा खिळासुद्धा सरळ ठोकला नव्हता.

काम येत होतं ते घरमालकांना. सेतुमाधवराव तंजावरकडचे मराठी. रेल्वेच्या वर्कशॉपात चाळीस वर्षं फिटर होते, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना धड दिसत नसे. पण टॅप, म्हणजे आटे कापायचं हत्यार, हातात आला की त्यांना डोळ्यांची गरजच उरत नसे, आणि हे बघायला कृष्णकांत परसात उकिडवा बसून तासन्‌तास तयार होता.

त्या शुक्रवारी सुट्टी होती. म्हाताऱ्यानं टॅप भोकात उभा केला, बोटानं चाचपला, कान खाली नेला आणि हँडल फिरवलं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे नेलं की कापलेला कीस मोडतो, भोकात अडकत नाही. मध्येच रॉकेलचे दोन थेंब. तीन भोकं झाली. कृष्णकांतनं बोल्ट लावून पाहिला तर तो नुसत्या बोटांनी, लोण्यात जावा तसा आत गेला. त्याला खरोखर भरून आलं. आपल्या खात्यातल्या सगळ्या सह्याशिक्क्यांत मिळून एवढा नेमकेपणा नसेल, असं त्याला वाटलं, आणि ते खरंच होतं.

चौथ्या भोकाला सेतुमाधवरावांनी हँडल त्याच्या हातात दिलं. "हें तूं कर. वाटेंत बोल्ट सैल पडला तर मी येणार आहें कां तेथें? मी सांगतों तसें फिरव."

कृष्णकांतनं फिरवलं. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. "पो," तो म्हणाला. पो म्हणजे तमिळमध्ये जा. एवढं कृष्णकांतला बस कंडक्टरांकडून कळलं होतं. तो पुढे गेला. "पो... वा."

कृष्णकांत सुखावला. चाळीस वर्षांचा फिटर आपल्याला वा म्हणतो म्हणजे काय! त्यानं आणखी जोर लावला.

"वा," म्हातारा म्हणाला. मग जरा घाईनं, "वा, वा!"

इतकं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. कृष्णकांतनं ओठ चावून अख्खा फेरा मारला, आणि कट्‌ असा आवाज झाला. हँडल हातात हलकं झालं. टॅपचा खालचा तुकडा भोकाच्या आत, काठाच्याही खाली, अडकून बसला होता.

"वा म्हटलें तर पुढें कां गेलास?" सेतुमाधवरावांनी विचारलं.

"तुम्हीच तर वा वा म्हणालात, काका."

दोघेही एकमेकांकडे बघत राहिले. त्यांतल्या एकाला फारसं दिसत नव्हतं आणि दुसऱ्याला काही कळत नव्हतं. दारात तांदूळ निवडणाऱ्या सीतालक्ष्मीकाकूंना मात्र आधी कळलं. "अहो, तें पुण्याचें पोर. तुमचें वा म्हणजे मागें ये. त्याचें वा म्हणजे बेश."

तमिळ माणसानं वा म्हटलं असतं, तर कृष्णकांतला लगेच कळलं असतं की हा ये म्हणतो आहे. पण मराठी माणसाच्या तोंडून वा आलं, ते त्यानं मराठीच धरलं. यात त्याची चूक काय होती, कुणी सांगावं? पण टॅप मोडला होता. टॅपचं पोलाद ड्रिलला दाद देत नाही. दुसरं केसिंग मिळणार नव्हतं आणि सोमवार परवाच्या पलीकडे उभा होता. कृष्णकांतनं डाव्या पायावर हात ठेवला आणि तसाच बसून राहिला.

"चूक माझी," सेतुमाधवराव म्हणाले. "वर्कशॉपांत अस्की, सगळ्या तमिळ पोरांस शिकविलें. टॅप दिसला कीं माझें तोंड तमिळ होतें. आतां ऊठ. दोन शेर पडिकारम आण."

"काय आणू?"

काकूंनी आत जाऊन नवऱ्याच्या दाढीच्या डब्यातला एक पांढरा खडा आणून दाखवला. तुरटी होती.

म्हाताऱ्यानं समजावलं तेव्हा कृष्णकांतला आधी थट्टाच वाटली. कढत तुरटीचं पाणी पोलाद खातं आणि अ‍ॅल्युमिनियमला हात लावत नाही. मात्र भांडं लोखंडी नको. काकूंनी आपलं साराचं मातीचं मडकं पुढे केलं, आणि हे मोठ्या मनाचं काम होतं, कारण त्या मडक्यातल्या साराची ख्याती एग्मोर स्टेशनापर्यंत होती. केसिंग त्यात बुडालं. परसातल्या पाण्याच्या चुलीवर मडकं चढलं.

शुक्रवार गेला. शनिवारी कृष्णकांत कामावर गेला, बाराव्यांदा उशिरा पोचला, आणि साहेबांनी नुसतं घड्याळाकडे पाहिलं. इकडे काकू दिवसभर मडक्याखाली काटक्या सारत होत्या आणि शेजारणींना सांगत होत्या, की आमच्या घरीं दोन दिवस इंजिनाचें सार आहे. भोकातून बारीक बुडबुडे येत होते. सेतुमाधवराव मडक्याला कान लावून म्हणायचे, "खातें आहे. खाऊं दे."

रविवारी दुपारी केसिंग बाहेर काढलं. कृष्णकांतनं सळईनं भोकात टोचलं, तर काळ्या गाळाबरोबर टॅपचा उरलेला काटा टपकन खाली पडला. भोकाची कड जशीच्या तशी होती. त्यानं म्हाताऱ्याचे पाय धरले. पाया पडण्याची सवय त्याला मुळीच नव्हती, पण दुसरं काही सुचेना.

"पुढें काम आहे," सेतुमाधवराव म्हणाले. पहिला टॅप मोडला होता, आता संचातल्या जाड दुसऱ्या टॅपनंच अर्धवट आटे पुरे करायचे होते. पुन्हा मोडला तर सोमवार संपला. तरी त्यांनी हँडल कृष्णकांतच्याच हातात दिलं. काकूंनी सुचवलं, की अहो, आज तरी मराठींत सांगा. म्हाताऱ्यानं प्रयत्न केला. दोनदा "मागें" म्हणाला आणि दोन्ही वेळा उशिरा म्हणाला. शेवटी कृष्णकांतच म्हणाला, "काका, तुमच्या पद्धतीनंच सांगा. मला आता कळतं."

"पो... वा. पो... वा."

प्रत्येक वा ला तो मागे आला. घामानं हात निसटत होते. पण हळूहळू त्याला मनगटात कळू लागलं, की कीस कुठं दाटतो आणि कुठं मोडतो, आणि शेवटच्या चार फेऱ्यांत तर म्हाताऱ्यानं म्हणायच्या आधीच हात मागे वळत होता. टॅप तळाला टेकला. बोल्ट बोटांनी आत गेला.

सोमवारी सातला दहा मिनिटं कमी असताना मिठागराच्या फाटकातून फटफट आवाज आत शिरला. कृष्णकांतनं त्या दिवशी हजेरीपटावर सगळ्यांत वरच्या ओळीत सही केली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मग खिडकीतून सायकलकडे, जरा जास्तच वेळ.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सेतुमाधवराव दारातच उभे होते. कसं झालं, सही झाली का, काही विचारलं नाही. खाली वाकून त्यांनी गरम इंजिनाचे बोल्ट एकेक करून अंगठ्यानं चाचपले. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी अंगठा थांबला. त्यांनी तो दाबून पाहिला, हलवून पाहिला.

"वा," ते म्हणाले.

कृष्णकांतनं निमूटपणे पिशवीतून पाना काढला, चौथ्या बोल्टाला लावला आणि पाव फेरा मागे फिरवायला लागला.

म्हाताऱ्यानं त्याचं मनगट धरलं. "राहूं दे रे," सेतुमाधवराव म्हणाले. "हें मी मराठींत म्हणालों."