दोऱ्याएवढी खाच

मी तात्पुरता बोलतोय. नावच पडलंय माझं ते. वरच्या जबड्यातल्या दातांचा अख्खा संच मी. बारा दात, गुलाबी हिरडीसकट. सध्या मुक्काम शिवणयंत्राच्या डाव्या खणात, बटणांच्या शेजारी, एका निळ्या प्लास्टिकच्या डबीत. मला कुठे जायचं नाही, तेव्हा सावकाश सांगतो. शिक्षण म्हणाल तर काही नाही. एका माणसाच्या तोंडात पाच महिने राहून जे कळलं, तेवढंच.

माझा जन्म दातांच्या लॅबमधला. एका कारागिराने पावडर आणि उग्र वासाचं पातळ औषध कालवून मला प्लास्टरच्या जबड्यावर घडवलं. घासलं, पुसलं, खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. "पाच महिन्यांचा पाहुणा, पण झालाय देखणा," असं तो शेजाऱ्याला म्हणाला. मला तेव्हा फक्त देखणा एवढंच ऐकू आलं.

ज्यांच्या तोंडी मी गेलो ते एक शिंपी. वय अडुसष्ट. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. वरचे दात हलायला लागले होते, ते काढले आणि हाडात सहा स्क्रू बसवले. हाडाने ते स्क्रू घट्ट धरेपर्यंत मी, आणि मग कायमचे दात, असा बेत.

मला बसवल्यावर डॉक्टर म्हणाले, "मास्तर, हिरड्या तर खराब होत्याच. पण पुढच्या दातांची वाट दोऱ्याने लावली. तोडत होतात ना दातांनी?"

मास्तरांची लेक शेजारी उभी होती. ती म्हणाली, "चाळीस वर्षं तेच करताहेत. झालं! आता दुकान बंद. बास झालं शिवणकाम."

"अगं, नाही तोडणार आता. शप्पथ."

"बाबा, तुमच्या शपथा मला पाठ आहेत."

दुसऱ्या दिवशी तिने एक छोटं कटर आणलं, नाडी ओवून त्यांच्या गळ्यात घातलं आणि म्हणाली, "हे वापरायचं. दोऱ्याला पुन्हा दात लावलात ना, तर दुकानाला कुलूप. मी स्वतः येऊन लावीन." मास्तर हसले. तोंडात गेल्यापासून मी पहिल्यांदा उजेड बघितला तो तेव्हा.

आठ दिवस ते शब्दाला जागले. नवव्या दिवशी एक बाई कोट घेऊन आल्या, उभ्या उभ्याच करून द्या म्हणाल्या. मास्तरांच्या एका हातात अस्तर, दुसऱ्या हातात सुई. कटर फिरून पाठीवर गेलेलं. मास्तरांनी मान खाली घातली आणि कट्. दोरा तुटला. त्यांनी मुद्दाम केलं नाही हो. मान आपोआप खाली गेली. बाई कोट घेऊन गेल्या, मास्तर आरशासमोर उभे राहिले आणि मला जिभेने चाचपून बघितलं. मी शाबूत होतो. तिथेच घात झाला.

मग रोजच. सकाळी पंधरा-वीस वेळा, दुपारी तेवढेच. डावीकडचा पुढचा दुसरा दात, तीच जागा.

तोंडात राहणं म्हणजे मोठं चमत्कारिक. माणसाचा एकेक शब्द माझ्यावरून जातो, आणि त्यातला एकही माझा नाही. मी किती वेळा म्हणालो, मास्तर, नको. कोणाला ऐकू जाणार?

एक गोष्ट मात्र बरी होती. खाली त्यांचे स्वतःचे दात होते, पुढचे सहा. पिवळे, जरा वाकडे, पण पक्के. एवढेच त्यांच्या जन्माचे उरलेले. दोरा त्या सहांच्या आणि माझ्या मध्ये यायचा. मी पडलो ॲक्रिलिकचा, मऊ. त्यामुळे झीज व्हायची ती माझी. मला खाच पडायला लागली, दोऱ्याएवढी. त्याचं मला वाईट वाटलं नाही. आपण आज आहोत, उद्या नाही. घरच्यांना धक्का लागला नाही म्हणजे झालं.

दुपारी मास्तरीणबाई डबा घेऊन यायच्या. जेवण झालं की तिथेच बसून काज-बटणं करायच्या. जिन्यावर त्यांची चप्पल वाजली की मास्तरांचा हात गळ्यातल्या कटरकडे जायचा.

"अहो, जमतंय ना कटर?"

"झकास! आधीच का घेतलं नाही, असं झालंय."

आणि मी त्यांच्या तोंडात, त्या शब्दांखाली.

पाच महिने झाले. कायमचे दात ठरवायचा दिवस आला. डॉक्टरांनी मला त्या स्क्रूंवरून सोडवून बाहेर काढलं आणि टेबलावरच्या स्टीलच्या ताटलीत ठेवलं. नेमका उताणा, खाच वर. मनात म्हटलं, आज आपलं कोणीतरी वाचणार.

पण सगळे बघत होते ते नमुने. तीन होते टेबलावर.

"हा काढता-घालता येतो," डॉक्टर म्हणाले. "स्क्रूंवर टिचकन बसतो, घासायला बाहेर निघतो. हा दुसरा पक्का बसणारा, काढता न येणारा. आत धातूची पट्टी, वर ॲक्रिलिक. झिजतो, कधी टवका जातो, पण मी इथेच भरून देतो. आणि हा तिसरा, झिर्कोनिया. हाही तसाच पक्का. कठीण, चकचकीत, डाग धरत नाही."

मास्तरीणबाईंनी पहिला उचलला. "हाच बरा. उद्या यांचे हात थरथरायला लागले तर घासायचे कोणी? मीच ना? तोंडात हात घालण्यापेक्षा बाहेर काढून घासलेले परवडले."

"आई, तू आत्तापासून त्यांना म्हातारं करू नकोस," लेक म्हणाली. "डॉक्टर, झिर्कोनिया द्या. एकदाच काय ते चांगलं होऊ दे."

"देतो. पण एक विचारायचंय." डॉक्टर मास्तरांकडे वळले. "तुमचे खालचे सहा खरे आहेत. जेवणाखाणाने त्यांना काही होणार नाही. पण दातांनी काही तोडायची सवय असेल, तर झिर्कोनिया मी देणार नाही. तो तुटायचा नाही, खालचा तुटेल. तुम्हाला तशी सवय आहे का आता?"

मास्तरांनी मान हलवली. नाही.

मग डॉक्टरांनी मला उचललं. दिव्याखाली धरलं. माझ्या खाचेवर त्यांनी नख फिरवलं. "मग हे काय?"

अहो, काय सांगू. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला कोणी काही विचारलं होतं. मला जे सांगायचं होतं ते त्यांच्या नखाखालीच होतं.

मास्तरांनी लेकीकडे बघितलं. तिने हातातल्या पर्सचा पट्टा आवळला होता. मग त्यांनी बायकोकडे बघितलं. वरचं तोंड रिकामं, त्यामुळे शब्द वाऱ्यासारखे निसटत होते. तरी म्हणाले, "पिश्ता. परवा पिश्ता फोडला."

लेक हसली. "बाबा! लहान आहात का?"

"टरफलं दातांनी फोडायची नाहीत, मास्तर," डॉक्टरही हसले. "आता अगदी नाही."

"नाही फोडणार."

तेवढं एक खोटं माझ्यावरून गेलं नाही. मी ताटलीत होतो. मास्तरांना मी दोष देत नाही. त्या खोलीत बाकी सगळे दातांचं ठरवत होते. त्यांच्यासमोर मात्र दुकानाचं कुलूप होतं. शिवणकाम गेलं तर हा माणूस दिवसभर करणार काय? खिडकीत बसून रस्ता मोजणार?

मास्तरीणबाईंनी पहिला नमुना खाली ठेवला. "तुम्हाला काय हवंय, ते तरी सांगा."

"लेक म्हणते ते," मास्तर म्हणाले. ठरलं.

जाताना मदतनीस बाईंनी मला चाकावर धरलं. घर्र घर्र. खाच गेली. मी पुन्हा देखणा झालो. परत तोंडात गेलो, नवे दात तयार होईपर्यंत. त्या तीन आठवड्यांत खाच पुन्हा पडली, आधीइतकी खोल नाही, पण दोऱ्याएवढीच. मग एके सकाळी मला शेवटचं काढलं, धुतलं, या निळ्या डबीत घातलं आणि मास्तरांच्या हातात दिलं. "अडीअडचणीला असू द्या," डॉक्टर म्हणाले. मास्तरांनी मला घरी नेलं नाही. दुकानात आणून या खणात ठेवलं.

खणात दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. नवे दात आले त्याच दुपारी ऐकलं. टक्. माझ्या वेळी आवाज वेगळा होता, ओला, थोडा दबका. हा कोरडा. आणि मास्तर खूश! "वा रे पठ्ठ्या! एका झटक्यात!" असं एकटेच म्हणाले. बरोबर आहे. दोरा इतका साफ माझ्याने कधी तुटला नव्हता. निम्मा जोर मी स्वतःवर घ्यायचो.

दिवस मोजायची मला सोय नाही. खाकी गणवेशांचं काम संपलं, पडद्यांचं काम आलं. पडद्यांचा दोरा जाड. एकदा टक् झालं आणि त्यामागून दुसरा एक बारीक आवाज. मग शिवणयंत्र थांबलं. बराच वेळ थांबलं.

खण उघडला. मास्तरांनी डबी काढली, झाकण उघडलं आणि माझ्या कुशीत काहीतरी ठेवलं. तांदळाच्या कणीएवढं. पिवळसर. मी ओळखलं त्याला. पाच महिने समोरासमोर काढलेले आम्ही. खालच्या सहांतल्या डावीकडच्याचा टवका होता तो.

मास्तरांनी हळूच झाकण लावलं. इतकं हळू, जसं झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं. तेवढ्यात जिन्यावर चप्पल वाजली. खण बंद झाला.

"अहो, असे काय बसलात?"

"काही नाही गं. सुई शोधत होतो."

आता ते हसताना ओठ मिटून हसतात, असं मास्तरीणबाई परवा कोणा गिऱ्हाइकाला सांगत होत्या. "नवे दात आले नि हे हसायचेच बंद झाले," म्हणाल्या. गिऱ्हाईक हसलं. यंत्र चालूच होतं. टक्. टक्.

काल मास्तरीणबाईंनी पांढऱ्या बटणासाठी हा खण उघडला. बोटं डबीवर आली. डबी जरा हलली, आत तो टवका माझ्या खाचेशी खुळखुळला. मी जीव गोळा केला. पण बटण कोपऱ्यातच सापडलं, आणि पुन्हा अंधार झाला.

मास्तरीणबाई, तुम्हाला माझं ऐकू येत नाही, मला ठाऊक आहे. तरी म्हणतो. पुन्हा एखादं बटण हरवू दे. डबी उघडा. माझा डावीकडचा दुसरा दात बघा. दोऱ्याएवढी खाच तुमच्यासारख्या शिवणाऱ्या बाईला कोणी समजावून सांगावी लागणार नाही. शेजारी काय पडलंय तेही बघा. लेकीला बोलावू नका, ती कुलूप घेऊन येईल. तुम्ही एकट्याच यांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तो झिजणारा दुसरा नमुना मागा.

जरा लवकर या, एवढंच. खाली अजून पाच शाबूत आहेत.